कुंड्यांच्या डॉक्टरांची जीभ

ज्या दुपारी नवऱ्याने जेवता जेवता मान वर केली आणि "छान झालंय" असं म्हटलं, त्या दुपारी बाईंच्या हातातला डाव पातेल्यात गेला तो गेलाच. तो काढायचंही त्यांना सुचेना. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, नवऱ्याने बायकोच्या हातचं चांगलं म्हटलं, चार घरांत म्हणतात. या घरात म्हणत नव्हते. लग्न झालं, लेक झाली, शिकली, तिचंही लग्न होऊन ती आपल्या घरी गेली, तरी या टेबलावर हे दोन शब्द कधी उमटले नव्हते. मीठ दोन दाणे जास्त पडलंय. लिंबू कालचं चिरलेलं दिसतंय. कांदा जरा आणखी परतायला हवा होता. हे रोजचं. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे ते खरं असायचं. लिंबू खरंच कालचं असायचं.

बाई काही ऐऱ्यागैऱ्या स्वयंपाकीण नव्हेत. कापडाच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथे कामगार थाळ्या पुसून-चाटून परत द्यायचे, आणि साहेबलोक गुपचूप डबे भरून घरी न्यायचे. अख्ख्या कारखान्याला जिंकून घरी यावं, तर इथे हा एक माणूस पहिल्या घासालाच डोळे मिटून विचार करत बसायचा. त्याने डोळे मिटले की बाई आपलं जेवण थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. दोघं निवृत्त झाल्यावर तर हे दोन्ही वेळच्या जेवणाला व्हायला लागलं.

पण त्या माणसाला तरी काय बोलणार? त्याची जीभ हीच त्याची भाकरी होती. सार्वजनिक बागेतल्या काचघरात तो माळी म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. काचघरात सगळा संसार कुंड्यांचा. आणि कुंडी म्हणजे जमीन नव्हे. जमीन माणसाच्या शंभर चुका पोटात घालते, कुंडी एकसुद्धा घालत नाही. नळाचं जड पाणी घालत राहिलात की काठावर पांढरा थर चढतो आणि माती खारट होत जाते. खताचा मारा केलात की आंबते. झाड बिचारं बोलणार थोडंच? ते पिवळं पडतं. आणि ते पिवळं पडलं की आपले शहाणे लोक करतात काय, तर आणखी पाणी आणि आणखी खत घालतात. पोट बिघडलेल्या माणसाला आग्रह करकरून वाढण्यातला हा प्रकार.

आता माती आंबट की खारट हे बघायला कागदाच्या पट्ट्या मिळतात, मातीत खुपसायचं मीटर मिळतं. काचघरातल्या जुन्या मुकादमाने मात्र या माणसाला तिसरीच तऱ्हा शिकवली होती. चिमूटभर माती बोटांत चुरायची, नाकाशी न्यायची आणि जिभेच्या शेंड्याला लावायची. मग थुंकायचं, चूळ भरायची आणि निदान सांगायचं. आंबट, खारट, साबणासारखी, किंवा गोड. गोड म्हणजे साखरेसारखी नव्हे हो. विहिरीचं पाणी गोड आहे म्हणतो ना आपण, तशी गोड. म्हणजे ठीक. तुम्ही मात्र हे घरी करू नका. कुंडीत कोण काय ओतेल याचा काही नेम नसतो, आणि हे त्या माणसाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

बँकेच्या दाराशी एक रबराचं झाड होतं. दर वर्षी नवं आणायचे, दर वर्षी मरायचं. याला बोलावलं. याने माती जिभेला लावली, जरा थांबला, आणि काउंटरमागच्या कॅशियरला म्हणाला की साखर जरा कमी करा, या वयात बरी नव्हे. कॅशियर लालबुंद झाला. आपला उरलेला चहा तो जाता-येता त्या कुंडीत रिकामा करत होता. दातांच्या दवाखान्यातही असंच झालं. तिथल्या कुंडीत पेशंट चुळा थुंकत होते, आणि दातांच्या डॉक्टरांना ते ऐकून मळमळलं. ही गोष्ट गावभर झाली, आणि तेव्हापासून या माणसाला सगळे "कुंड्यांचे डॉक्टर" म्हणायला लागले. आधी चेष्टेने, मग सवयीने. बाई ओघाने डॉक्टरीणबाई झाल्या. दारात कोणी मरगळलेलं रोप घेऊन उभं राहिलं की त्या आत ओरडून सांगायच्या, अहो, पेशंट आलाय. लोक निवृत्त झाल्यावर घरात नकोसे होतात. आमच्या डॉक्टरांचं निवृत्तीनंतरच खरं दुकान चाललं.

तर अशा जिभेचा माणूस "छान झालंय" म्हणाला. गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला होता. चांगला सडकून आला, नाक गच्च, अंग मोडून आलेलं, अंथरुणातून उठायची सोय नाही. त्यातून उठून टेबलाशी बसला आणि पहिल्याच जेवणाला हे वाक्य. बाईंना वाटलं, आजारपणातली माया असेल, ओसरेल. ओसरली नाही. दुसऱ्या दिवशीही छान झालं. आठवडाभर छान झालं. डोळे मिटणं बंद झालं, विचार करणं बंद झालं. माणूस शहाण्यासारखा जेवायचा, पान पुसून घ्यायचा, म्हणायचा छान झालंय, आणि उठायचा.

बाईंना इतका आनंद झाला की लाज वाटावी. त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं. बहिणीला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना तर जिन्यात गाठून सांगितलं, की आमच्याकडे सुधारणा झालीय, उशिरा का होईना झालीय. मास्तरीणबाई म्हणाल्या, म्हातारपणी पुरुष मऊ पडतात. बाईंना ते पटलं. कॅन्टीन सुटल्यापासून विसरलेले पदार्थ त्या पुन्हा करायला लागल्या. गुणगुणायला लागल्या. स्वयंपाकघरात पाय ठेवताना वाटणारी धास्ती कुठल्या कुठे गेली. खरं सांगायचं तर या सुखात बाई जरा आंधळ्या झाल्या. एकदा दूध उतू जाऊन भांड्याचा कोळसा झाला, धुराने घर भरलं, आणि डॉक्टर तिथेच चार पावलांवर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेले. बाई गच्चीवरून धावत आल्या, त्यांना आळशी म्हणाल्या, बहिरे म्हणाल्या. डॉक्टर ओशाळं हसले. बाईंनी भांडं घासलं आणि विषय संपवला.

आता लेकीचं सांगायला हवं, कारण खरा घोर तिथेच होता. लेकीने चांगली ऑफिसातली नोकरी सोडली होती आणि गावाबाहेर, पेट्रोल पंपाच्या मागे, भाड्याच्या जागेत रोपवाटिका काढली होती. सासरी कोणाला पसंत नव्हतं. एक वर्ष बघ, नाही जमलं तर गुमान परत नोकरीला लाग, असं ठरलेलं. वर्ष सरत आलं आणि तिला पहिलं मोठं काम मिळालं: नव्या इस्पितळाच्या अंगणात मांडायला फुललेल्या जिरेनियमच्या कुंड्या. कुंडी न् कुंडी सारखी हवी. इस्पितळाचे लोक येऊन रोपं बघणार, पसंत पडली तर पुढचं सगळं काम तिचं. नाही पडली तर रोपवाटिकेला कुलूप.

एवढ्या कुंड्या भरायच्या म्हणून लेकीने नव्या विक्रेत्याकडून पीट मागवलं. पीट म्हणजे दलदलीतून काढलेला काळा, हलका, स्पंजासारखा चोथा. रोपं त्यात मुळं भराभर सोडतात, पण ते जातीनेच आंबट असतं. त्यात चुनखडीची भुकटी मिसळून ते गोड करून घ्यावं लागतं. मिसळलीय, असं विक्रेत्याने सांगितलं होतं. लेक काही दुधखुळी नाही. तिने पोतं उघडलं आणि वडिलांना बोलावलं. डॉक्टरांनी चिमूट जिभेला लावली आणि गोड आहे म्हणून सांगितलं. झालं, तिने सगळ्या कुंड्या भरल्या.

महिनाभरात खालची पानं बिघडायला लागली. आधी कडा पिवळ्या, मग तपकिरी ठिपके, जणू कोणी अगरबत्तीचे चटके दिलेत. लेकीने मीटर खुपसलं. मीटर म्हणालं, आंबट आहे, भलतीच आंबट आहे. ती घाबरली, पुन्हा वडिलांना बोलावलं. डॉक्टरांनी पानं बघितली, माती जिभेला लावली. मग म्हणाले, मीटर बिघडलंय. माती गोड आहे, जरा जास्तच गोड आहे. झाडांना लोह मिळत नाहीये, म्हणून पिवळी पडतायत. आठवड्यातून दोनदा व्हिनेगरचं पाणी दे. मीटर आणि बाबा यांत निवड करायची तर लेकीच्या मनात शंकाही आली नाही. तिने मीटर खणात टाकलं आणि व्हिनेगरचे कॅन आणले.

पानं जास्तच बिघडली. आता लेक रोज फोन करायला लागली, आणि फोनवरचा तिचा आवाज बाईंना आवडेना. एका संध्याकाळी ती एक आजारी कुंडी आणि उरलेल्या पीटची पिशवी घेऊन घरी आली, दोन्ही ओट्यावर ठेवली, आणि म्हणाली की बाबांनी निवांत बघून ठेवावं, दोन दिवसांत इस्पितळाचे लोक येणार आहेत. जेवलीसुद्धा नाही. बाई तिला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या, आणि डॉक्टर त्या कुंडीकडे न बघता आपल्या खोलीत निघून गेले. बाईंना राग आला. लेक रडकुंडीला आलीय आणि हे झोपायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर भाजी आणायला गेले आणि बाई ओटा आवरायला लागल्या. कुंडीखाली बशी नव्हती, तळातून काळं पाणी झिरपून ओट्यावर पसरलं होतं. कॅन्टीनची सवय, डाग दिसला की त्यांचा हात आपोआप सोड्याच्या डब्याकडे जायचा. त्यांनी कुंडी उचलली आणि ओल्या डागावर खायचा सोडा भुरभुरला. सोडा फसफसला.

कॅन्टीनमध्ये काम केलेल्या बाईला यात काही सांगावं लागत नाही. सोडा फसफसतो तो आंबटावर. बाईंनी आधी समजूत घातली स्वतःची: व्हिनेगर घातलंय त्या पोरीने, मग फसफसणारच. पण मन काही ऐकेना. शेजारीच पिशवी होती. त्यातलं पीट कोरं, त्याला व्हिनेगरचा थेंबही लागलेला नव्हता. हेच ते पीट, जे पोतं उघडल्या उघडल्या डॉक्टरांनी गोड ठरवलं होतं. बाईंनी त्यातलं मूठभर वाटीत घेतलं, पाण्याने भिजवलं आणि वर सोडा टाकला.

बारीक बारीक बुडबुडे आले, आणि येतच राहिले. बाई वाटीवर वाकून बघत होत्या. त्यांना वाटलं, वाटीला काहीतरी लागलं असेल. त्यांनी दुसरी वाटी घेतली, स्वच्छ धुतली, पुसली, पुन्हा पीट, पुन्हा पाणी, पुन्हा सोडा. पुन्हा बुडबुडे. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. चिमूटभर पीट जिभेला लावलं. आंबट होतं. लहान मुलालाही कळलं असतं इतकं आंबट होतं.

मीटर खरं बोलत होतं, हे पहिलं त्यांच्या डोक्यात आलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं ते जास्त वाईट होतं. ज्या जिभेला कालचं लिंबू कळायचं, तिला हे कळलं नाही? आणि मग एकापाठोपाठ एक सगळं सुचत गेलं. करपलेलं दूध. धुराने भरलेलं घर आणि खुर्चीत निवांत बसलेला माणूस. तो आळशी नव्हता, बहिरा नव्हता. त्याला वासच आला नव्हता. आणि ते छान झालंय. रोज, न चुकता, छान झालंय. बाईंनी हातातली वाटी ओट्यावर ठेवली. त्या खाली स्टुलावर बसल्या. नाही, असं नसेल, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. रिकाम्या स्वयंपाकघरात आपलाच आवाज ऐकून त्या आणखी दचकल्या.

शंका घेऊन गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या दुपारी त्यांनी भाज्यांचं सूप केलं. नेहमीसारखं केलं, फक्त मीठ घातलं नाही. मिठाच्या जागी साखर घातली. स्वतः एक चमचा चाखून बघितलं आणि बेसिनमध्ये थुंकलं. मग बाऊल भरून डॉक्टरांपुढे ठेवला, पाव ठेवला, आणि समोर बसल्या. खरं तर त्या मनोमन धावा करत होत्या, की याने पहिल्याच चमच्याला डोळे मिटावेत, तोंड वाकडं करावं, म्हणावं की हे काय भलतंच करून ठेवलंयस. आयुष्यभर ज्या बोलण्याचा त्यांनी धसका घेतला होता, ते आज ऐकायला त्या आसुसल्या होत्या.

डॉक्टर जेवत होते. पाव बुडवत होते, चमचा फुंकत होते. बाऊल तळापर्यंत गेला. त्यांनी पावाच्या तुकड्याने तो पुसूनही घेतला.

"कसं झालंय?" बाईंनी विचारलं.

"छान झालंय."

"मीठ?"

"बरोबर आहे."

"मीठ घातलंच नाही मी," बाई म्हणाल्या. "साखर घातलीय. मूठभर."

डॉक्टरांचा हात टेबलावर तसाच राहिला. त्यांनी बाऊलकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि मग पुन्हा बाऊलकडेच बघत बसले. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता त्यांचा. तो चेहरा बघून बाईंची शेवटची आशाही गेली.

कधीपासून, असं त्यांनी विचारलं. तापातून उठलो तेव्हापासून, असं डॉक्टर म्हणाले. वासही नाही, चवही नाही. गरम कळतं, गार कळतं, तिखटाचं झोंबणं कळतं. बाकी सगळं एकच. तोंडात कापूस घातल्यासारखं.

"म्हणजे पहिल्यांदा छान म्हणालात तेव्हा..."

"तेव्हाही नाही," डॉक्टर म्हणाले.

बाई उठल्या आणि उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या. एवढं मोठं दुःख समोर असताना त्यांना आधी आपल्या त्या वाक्याचं वाईट वाटलं, आणि त्याबद्दल आणखीच वाईट वाटलं. किती जणांना फोन केले होते. जिन्यात मास्तरीणबाईंना काय काय सांगितलं होतं. हा माणूस काय वाढलंय ते न कळता जेवत होता, आणि आपण बाजूला उभं राहून फुलून जात होतो.

डॉक्टर पाठीमागे बोलतच होते, आता ते थांबेनात. म्हणे, वाटलं येईल परत. आज येईल, उद्या येईल. सकाळी उठल्यावर आधी मिठाचा खडा जिभेवर ठेवून बघायचो. खडा विरघळून जायचा आणि काही व्हायचं नाही. लोक कुंड्या घेऊन येतच होते. त्यांना नाही कसं म्हणणार? मग माती जिभेला लावायचं नाटक करायचं आणि डोळ्यांनी बघून सांगायचं. काठावर पांढरा थर असला की खारट, वर हिरवट शेवाळ धरलं असलं की ओल जास्त, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असल्या की लोह कमी. जन्मभर बघितलेली झाडं, त्यामुळे बहुतेक वेळा बरोबर यायचं. पण पीट काळंभोर असतं, त्याच्या अंगावर काही दिसत नाही. तिथे डोळ्यांचं काही चाललं नाही. लेक पोतं उघडून समोर उभी होती, आणि विक्रेता गोड आहे म्हणाला होता, म्हणून मीही गोड म्हणालो.

"आणि मीटर?" बाई वळून म्हणाल्या. "मीटर आंबट सांगत होतं ना? ते का मोडीत काढलंत?"

डॉक्टर टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करायला लागले. उत्तर होतं, पण ते सांगायला त्यांना लाज वाटत होती. मीटर खरं मानलं असतं तर मग पोतं उघडलं तेव्हा तुम्हाला कसं कळलं नाही, असं लेकीने विचारलं असतं.

"लेकीच्या कुंड्या मेल्या तरी चालतील," बाई म्हणाल्या, "पण जीभ गेली म्हणायचं नाही. असंच ना?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांना असं बघायची बाईंना सवय नव्हती. आयुष्यभर ज्याच्या निकालाला त्या भीत आल्या, तो माणूस आपल्यापुढे असा बसलाय, हे त्यांना बघवेना. राग होताच, चांगला खदखदत होता, पण त्या रागाला जागा पुरेना. त्यांनी बाऊल उचलला, पातेल्यात उरलेलं सूप ओतून दिलं, आणि विचारलं की आता त्या कुंड्यांचं काय करायचं ते आधी सांगा, बाकी मी नंतर बघते.

हे विचारल्याबरोबर डॉक्टर जरा सावरले. म्हणाले, व्हिनेगर आधी बंद. मग साधं पाणी कुंडीत भरपूर ओतून तळातून वाहून जाऊ द्यायचं, म्हणजे साचलेलं आंबट निघून जाईल. चुना पाण्यात कालवून ठेवायचा, खाली बसला की वरची नितळ निवळी काढून घ्यायची आणि ती एकेक कुंडीला द्यायची. पानांवर पडू द्यायची नाही. एकदम जास्त द्यायची नाही, नाहीतर आगीतून निघून फुफाट्यात. मीटर खुपसून बघायचं, आणि गरज असली तरच पुन्हा द्यायची. डागाळलेली पानं परत हिरवी होणार नाहीत, ती खुडून टाकायची. नवी चांगली येतील. सगळ्या कुंड्या वाचतील का, असं बाईंनी विचारलं. सगळ्या नाही, असं डॉक्टर म्हणाले. निम्म्या, फार तर. आणि उद्या बघायला येणाऱ्यांना त्या निम्म्याही दाखवण्यासारख्या नसतील.

मग फोन करा तिला, असं बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. हे फोनवर सांगायचं नाही, असं म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. बाईंनी घरातला चुना एका डब्यात भरून पिशवीत टाकला आणि दार ओढून घेतलं.

बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मधेच म्हणाले, लेक काय म्हणेल? बाई म्हणाल्या, काय म्हणायचं ते म्हणेल, तिचा हक्क आहे. मग थोड्या वेळाने, आपण इतकं कडक बोलायला नको होतं असं वाटून, त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला. हे त्यांनी बसमध्ये कधी केलं नव्हतं. डॉक्टरांनी चमकून इकडेतिकडे बघितलं, पण हात सोडवून घेतला नाही.

रोपवाटिकेत लेक एकटीच होती. हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा लावलेल्या, लांबून बऱ्या दिसत होत्या. जवळ गेल्यावर बाईंना धक्काच बसला. खालची पानं भाजल्यासारखी लोंबत होती, कळ्या उमलायच्या आधीच वाळलेल्या. लेकीने बादलीत व्हिनेगरचं पाणी कालवलं होतं आणि झारी बुडवून ती भरत होती. तिचे डोळे सुजलेले होते. दोघांना एकत्र आलेलं बघून ती उठून उभी राहिली. म्हणाली, बाबा, बरं झालं आलात. दोनदाचं तीनदा केलंय मी, काल आणि आज जास्तीचं दिलं, तरी काही फरक नाही. अजून जोरदार कालवू का?

बाई बोलणारच होत्या. डॉक्टरांनी हातानेच त्यांना थांबवलं आणि पुढे जाऊन लेकीच्या हातातली झारी काढून घेतली. झारीतलं पाणी त्यांनी बादलीत परत ओतलं.

"हे पाणी घालू नकोस, बाळ," ते म्हणाले. "मीटर बरोबर होतं. मी माती खाल्ली."

लेक हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली असेल. तिच्या वडिलांच्या तोंडी या वाक्याचा दुसरा अर्थ असू शकतो, हे त्या थकलेल्या पोरीच्या डोक्यातच आलं नाही.

"ती तर तुम्ही रोजच खाता," ती म्हणाली. "कशी लागली ते सांगा."

"कशीच लागली नाही," डॉक्टर म्हणाले. "गेल्या हिवाळ्यापासून कुठलीच लागत नाही."

तिला वाटलं, बाबा चेष्टा करतायत. ती अजून हसतच होती. मग तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.